अनसिंगची मोटार आणि आसेगावचा पोळा

माणूस सेवानिवृत्त झाला की सगळ्यात आधी घरातल्या वस्तूंना धोका निर्माण होतो. अनसिंगचे जानराव सरकारी नोकरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून मोकळे झाले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी भिंतीवरचं चालू घड्याळ उघडलं. ते बंद पडलं. तिसऱ्या दिवशी मिक्सर उघडला. चौथ्या दिवशी त्यांची नजर अंगणातल्या टिनाच्या शेडकडे वळली, तेव्हा त्यांच्या पत्नी तुळसाबाई यांनी देवापुढे हात जोडले आणि उरलेला मिक्सर कपाटात कुलूपबंद केला.

शेडमध्ये बावीस वर्षांपासून ताडपत्रीखाली एक अ‍ॅम्बेसेडर उभी होती. ती जानरावांच्या वडिलांची, म्हणजे आबांची. आबा गाडी स्वतः चालवत आणि दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगला हात लावू देत नसत. जानरावांनी वयाच्या तिसाव्या वर्षी, दोन मुलांचा बाप झाल्यावर, धीर करून एकदा किल्ली मागितली होती. आबा पेपरातून मान वर न करता म्हणाले होते, "तुह्यं काम नाई ते." आबा गेले, गाडीवर ताडपत्री पडली, पण त्या वाक्यावर काही ताडपत्री पडली नाही. नोकरीत साहेबांनी फाईल परत केली तरी जानरावांना आबांचाच आवाज ऐकू यायचा. आता अठ्ठावन्न पूर्ण झाली होती आणि आयुष्यात एकदा तरी ती गाडी स्वतः चालवायची, एवढंच त्यांच्या मनात होतं.

तुळसाबाईंच्या मनात वेगळंच होतं. त्यांच्या बचत गटाला मिरची कांडपाचं यंत्र मंजूर झालं होतं, ते पोळ्यानंतर येणार होतं आणि ठेवायला जागा एकच होती, ते शेड. चौतीस वर्षांच्या संसारात त्या गाडीत त्या एकदाही बसल्या नव्हत्या. आबांच्या काळात गाडी पाहुण्यांसाठी, पुढाऱ्यांसाठी आणि एकदा तर एका आजारी म्हशीच्या डॉक्टरसाठी निघाली होती. तुळसाबाई मात्र आसेगावला माहेरी जायच्या त्या दोन एसट्या बदलून, कडेवर पोर आणि हातात पिशवी घेऊन. त्यामुळे जानरावांनी गाडी दुरुस्त करण्याचा मनोदय जाहीर केला तेव्हा त्यांनी भाकरी थापता थापता शांतपणे अट घातली.

"पोयाले मले या गाडीत बसवून आसेगावले न्या. तोरन तुटायच्या आत. नेलं तर गाडी राह्यली, मशीनसाठी मी दुसरी जागा पाहीन. नाई नेलं तर दुसऱ्या दिवशी भंगारवाला."

पोळ्याला बैल वेशीवरच्या तोरणाखालून गेले, की संध्याकाळी ते तोरण तोडतात, म्हणजे मुदत दिवस मावळेपर्यंतची. जानरावांनी अट मान्य केली. पोळ्याला अडीच महिने होते आणि अडीच महिन्यांत सरकारी खात्यात काय काय होऊ शकतं, हे त्यांना ठाऊक होतं. खरं म्हणजे काहीच होत नाही, हेही ठाऊक होतं, पण ते त्या क्षणी आठवलं नाही.

ताडपत्री काढली त्या दिवशी अर्धी गल्ली जमली. मागच्या सीटवर तुळसाबाईंचे कांदे पसरलेले होते. पुढच्या सीटखाली एक कोंबडी अंड्यांवर बसलेली निघाली आणि तिनं उठायला साफ नकार दिला, त्यामुळे दुरुस्तीचा शुभारंभ पिल्लं निघेपर्यंत लांबला. छताचं कापड गळून खाली लोंबत होतं. सीटच्या स्प्रिंगा गादी फोडून बाहेर आल्या होत्या आणि उंदरांनी सगळं वायरिंग खाऊन टाकलं होतं. फक्त लाल वायर तेवढी त्यांनी ठेवली होती. ती का ठेवली असेल यावर गल्लीत दोन दिवस चर्चा झाली.

चर्चेचं अध्यक्षस्थान बापूरावांकडे होतं. बापूराव म्हणजे शेजारी आणि एसटीतून निवृत्त झालेले चालक. तीस वर्षांत आपल्या हातून एकही अपघात झाला नाही, असं ते भेटेल त्याला सांगत. त्यांच्या बसमधून गेलेल्या लोकांचं म्हणणं असं, की अपघात व्हायला गाडीला थोडा तरी वेग लागतो. ते रोज सकाळी स्वतःची खुर्ची घेऊन येत, शेडच्या दारात बसत आणि एसटीत हे काम कसं केलं असतं ते सांगत. तुळसाबाई चहा देऊन देऊन थकल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी साखर कमी केली, पण बापूरावांना मधुमेह असल्यामुळे त्यांना ती काळजी वाटली.

फाट्यावरचा मेकॅनिक संघदीप चाळिशीचा, अबोल माणूस. त्याचा हात ट्रॅक्टरवर आणि फवारणीच्या पंपांवर बसलेला. त्यानं बॉनेट उघडलं, आत पाहिलं, चहा घेतला, पुन्हा आत पाहिलं, पुन्हा चहा घेतला. मग कपड्यानं हात पुसत म्हणाला, "काकाजी, हे इंजिन मेलं नाई. पन जित्तंबी नाई."

जानरावांना हे निदान फार आवडलं. त्यांच्या कार्यालयात असे दोन-तीन अधिकारी होऊन गेले होते.

मूळ सुटे भाग मिळणं शक्यच नव्हतं, तेव्हा संघदीपनं जे मिळालं त्यातून मार्ग काढला. पेट्रोलची टाकी चाळणी झाली होती, म्हणून बॉनेटच्या आत एक प्लास्टिकची कॅन टांगली आणि फवारणी पंपाच्या नळीनं तिच्यातून पेट्रोल खाली आणलं. पट्टा मळणी यंत्राचा बसवला. वायरिंग नव्यानं केलं, पण त्यात कुठंतरी काहीतरी इकडचं तिकडं झालं आणि हॉर्न दाबला की वायपर फिरू लागले. वायपरचं बटण दाबलं की काहीच होत नसे. संघदीपचं यावर म्हणणं असं, की समोरच्या माणसाला वायपर फिरताना दिसला तरी तो बाजूला होतोच. बापूरावांनी मान हलवली आणि एसटीत वायपरच नव्हते, असं सांगितलं.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात गाडी हँडल मारून सुरू झाली. हँडल बापूरावांना मारू दिलं नाही, संघदीपनं मारलं. जानराव आत बसले होते. गाडीनं एक खोकला काढला, दुसरा काढला आणि तिसऱ्या खोकल्याला मागून असा काही धूर सोडला, की पलीकडच्या रामीबाईंच्या दोरीवरची धुणी पुन्हा धुवावी लागली. त्यात त्यांच्या मुलाचा मुलाखतीचा पांढरा सदरा होता. रामीबाईंनी भिंतीवरून डोकावून आबांपासून सुरुवात करून जानरावांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. जानरावांच्या कानात मात्र इंजिनाचा आवाज होता. ते आत बसून रडत होते आणि धुरामुळे ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता कागदपत्रं. गाड्यांच्या कागदांचं जे कार्यालय असतं, त्याचं गावासकट नाव इथं घेत नाही. पुढेमागे काम पडतं. जानराव इस्त्रीचे कपडे घालून तिथं गेले. गाडीची नोंद जिल्हा वेगळा व्हायच्या आधीची, म्हणून त्यांना जुन्या जिल्ह्याच्या कार्यालयात जायला सांगितलं. तिथल्या बाबूनं सांगितलं, की तुमचा जिल्हा वेगळा झाला तेव्हाच तुमचे कागद तिकडे पाठवले. म्हणजे कागद इथून निघाले होते आणि तिथं पोचले नव्हते. पंचवीसहून जास्त वर्षं ते वाटेत होते. जानराव पुन्हा पहिल्या कार्यालयात आले, तेव्हा खिडकीतल्या बाबूनं समोरचा कागद उगाच सरळ केला, मान वर न करता पेनाचं टोपण लावलं आणि म्हटलं, "उद्या या."

जानराव जागच्या जागी थिजले. हेच दोन शब्द, असंच टोपण लावत, त्यांनी बत्तीस वर्षं लोकांना ऐकवले होते. ते ऐकून परत फिरणाऱ्याला काय वाटतं ते त्यांना त्या दिवशी प्रथम कळलं. पण खोटं कशाला सांगा, या माणसाची लकब पाहून त्यांना थोडं कौतुकही वाटलं. टोपण लावल्यावर लगेच दुसऱ्या कागदाकडे वळायचं असतं, म्हणजे समोरच्याला बोलायला फट राहत नाही. हे या पोराला कुणीतरी चांगलं शिकवलं होतं. सातव्या खेपेला त्यांनी हे त्याला बोलून दाखवलं. बाबूनं पहिल्यांदा मान वर केली. साहेब, तुम्ही आपल्यातलेच का, असं विचारून त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि ज्या कपाटावर त्याचा कोपर सात खेपा टेकलेला होता त्याच कपाटातून आबांच्या गाडीची फाईल काढून दिली. आता गाडी तपासणीला आणायची तेवढी राहिली होती.

त्याआधी आतलं काम. छताच्या कापडासाठी योग्य माणूस मिळेना, तेव्हा गावातल्या मांडववाल्यानं ते अंगावर घेतलं. तो आयुष्यभर लग्नाचे मांडव बांधत आला होता, त्याला छत म्हटलं की झालर आलीच. त्यानं गाडीला आतून गुलाबी-पिवळं छत मारलं, चारी बाजूंनी झालर सोडली आणि मधोमध एक कागदी झुंबर लावलं. झुंबर जानरावांच्या डोक्याला लागत होतं, म्हणून पुढच्या सीटची उंची कमी करायचं ठरलं.

सीटसाठी संघदीपनं फोम आणायला सांगितला. इथं जानरावांचा स्वाभिमान आडवा आला. घरचं शेत, घरचा कापूस, गेल्या हंगामातला अजून मागच्या खोलीत पडलेला, आणि आपल्या गाडीत दुकानातला फोम? लोक काय म्हणतील? पण सीट भरायला रुई लागते, म्हणजे कापसातली सरकी काढलेली असावी लागते, आणि सरकी काढणारं जिनिंग उन्हाळ्यात बंद झालेलं ते दिवाळीलाच उघडणार. हातानं सरकी वेचून देशील का, असं जानरावांनी बायकोला एकदाच विचारलं. तुळसाबाईंनी सूप उचलून त्यांच्याच पुढ्यात ठेवलं. मग बापूरावांनी तोडगा काढला, की सरकी राहू द्या. तिनं सीटला घट्टपणा येतो. "बूड टेकलं का टेकल्यासारखं वाटलं पाह्यजे," असं त्यांचं म्हणणं. गादीवाला मात्र तयार होईना. सरकीसकट गादी भरली हे कळलं तर धंद्यात तोंड दाखवता येणार नाही, असं म्हणाला. शेवटी आपलं नाव कुठंही सांगायचं नाही या अटीवर त्यानं पुढच्या आणि मागच्या सीटमध्ये मिळून अर्धा क्विंटल कापूस सरकीसकट ठासला, वरून तपकिरी रेक्झिन मारलं आणि गर्दी जमायच्या आत निघून गेला. म्हणून इथंही त्याचं नाव नाही.

तपासणीला आठ दिवस उरले असताना बापूरावांनी गाडी धुवायला काढली. डेपोत धुतात तशी, पाण्याचा पाईप लावून, सगळ्या खिडक्या उघड्या ठेवून. जानराव बाजाराला गेले होते. ते परत आले तेव्हा गाडी बाहेरून चकाचक होती आणि आत पाऊल ठेवलं की पचपच आवाज येत होता. वाळेल, ऊन पडेल, असं म्हणत त्यांनी दारं लावून घेतली. ऊन पडलं नाही. आतल्या उबेत, ओलाव्यात आणि रेक्झिनच्या शिलाईतून येणाऱ्या उजेडात जे व्हायचं ते झालं. तपासणीच्या सकाळी जानरावांनी दार उघडलं तेव्हा मागच्या सीटच्या शिलाईतून कपाशीची रोपं दोन दोन पानांवर डोकावत होती. उगवण एकसारखी होती. शेतात त्या वर्षी एवढी चांगली झाली नव्हती.

उपटायला वेळ नव्हता. वर चादर टाकून गाडी तपासणीला नेली. ती संघदीपनं चालवली, कारण कागद होईपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही असं जानरावांनी ठरवलं होतं. निरीक्षक तरुण होता. त्यानं ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवायला सांगितला आणि वायपर फिरल्यावर पुढं काही विचारलं नाही. मग त्यानं मागची चादर उचलली. तो बराच वेळ पाहत राहिला. त्याचं शिक्षण शेतकीचं झालं होतं असं नंतर कळलं. त्यानं एक रोप बोटानं उलटंसुलटं केलं, माव्याची कीड नाही याची खात्री केली आणि आपल्या कागदावर लिहिलं, आसनांवर पीक आढळले, ते काढून पुन्हा हजर व्हावे. बापूरावांनी परतीच्या वाटेवर सुचवलं, की एवीतेवी उगवलंच आहे तर पीक पाहणीत नोंद करून विमा का उतरवू नये. दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या चार बायकांनी पदर खोचून गाडीतलं निंदण केलं. निंदताना त्या एवढ्या हसत होत्या, की जानराव मागच्या दारानं शेतात निघून गेले आणि संध्याकाळपर्यंत आले नाहीत.

पण गाडी पास झाली. पोळ्याला दोन दिवस राहिले होते.

पोळ्याच्या दिवशी दुपारी जेवणं उरकून तुळसाबाई हिरवं जरीचं लुगडं नेसून बाहेर आल्या. चौतीस वर्षांत प्रथमच त्या गाडीचं पुढचं दार त्यांच्यासाठी उघडलं गेलं. त्या आत बसल्या, झुंबराखाली मान जरा वाकवली आणि गल्लीकडे न पाहता सरळ समोर पाहू लागल्या. मागच्या सीटवर बापूराव अनुभव म्हणून बसले. संघदीपनं हँडल मारलं. जानरावांनी आबांच्या गाडीचं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं. लायसन्स होतं, शिकणंही झालं होतं, पण पाय क्लचवरून उचलेना. पेपरामागून कुणीतरी बोलेल की काय, असं त्यांना खरंच वाटलं. कुणी बोललं नाही. त्यांनी पाय उचलला आणि गाडी निघाली.

तो पाऊण तास जानराव पुढं कधी विसरले नाहीत. सोयाबीन गुडघ्यापर्यंत आलेलं, रस्ता पावसानं धुतलेला, गावोगावी बैलांची शिंगं रंगवणं चाललेलं. झालर वाऱ्यावर फडफडत होती. लोक रस्त्यात थांबून वाकून पाहत, आत नवरा-नवरी कुठं आहेत ते शोधत आणि जानराव-तुळसाबाई दिसले की गोंधळून हात जोडत. तुळसाबाईंनी काच खाली करून कोपर बाहेर ठेवला होता. आपण जिंकलो, असं जानरावांना मनात वाटलं आणि त्यांनी ते वाटू दिलं, ही चूक झाली.

आसेगाव अर्ध्या कोसावर असताना, नाल्याच्या पुढच्या चढावर, खालून खाडकन आवाज आला. इंजिन चालू होतं, गिअर पडत होता, पण गाडी जागची हलेना. बापूरावांनी मागून निदान केलं, क्लच प्लेट गेली. ते त्यांचं अडीच महिन्यांतलं पहिलं बरोबर निदान होतं. संघदीप फोनवर म्हणाला, की ती प्लेट आता दिवाळीशिवाय मिळणार नाही.

नाल्यावर आसेगावचे लोक बैल धुऊन, सजवून तोरणाकडे निघण्याच्या तयारीत होते. तीस-चाळीस बैल, पाठीवर झुली, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंगं. त्यात तुळसाबाईंचा भाऊ पुंजाजी होता. तो धावत आला. एवढ्या बैलजोड्या समोर उभ्या, एक जोडी जुंपली की गाडी गावात, असं जानरावांच्या तोंडून निघून गेलं. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या खांद्यावर जू ठेवायचं? वर्षातून एकच दिवस त्याला सुट्टी. पुंजाजीनं कानांवर हात ठेवले. जावई नसते तर त्यानं आणखी काही केलं असतं. मग ट्रॅक्टर आणा, असं बापूराव म्हणाले. ट्रॅक्टरचीही पूजा झाली होती, त्याला हार घातला होता आणि किल्ली देवापुढे ठेवली होती. आज त्याचाही पोळा, असं त्याच्या मालकानं सांगितलं.

तुळसाबाई गाडीतून उतरल्या नव्हत्या. त्यांनी फक्त सूर्याकडे पाहिलं. भंगारवाला जानरावांना डोळ्यांपुढे दिसायला लागला.

एवढ्यात सगळ्यात पुढचा पांढरा बैल थांबला. तो गावाचा मानाचा बैल. तोरणाखालून पहिला तो जातो, मग बाकीचे. त्यानं नाक वर केलं, हवा हुंगली आणि मालकाच्या हातून कासरा ओढत तो थेट मोटारीकडे आला. बैलाला सरकीचा वास कोसभरावरून येतो. बापूरावांची खिडकी उघडी होती. मानाच्या बैलानं बाशिंगासकट मुंडकं आत घातलं, आधी बापूरावांचा कान चाटला, तो पसंत पडला नाही, आणि मग मागच्या सीटच्या शिलाईला तोंड लावलं. रेक्झिन टरटर फाटलं. एकाला कळलं ते चाळीसांना कळलं. बघता बघता गाडीला चारी बाजूंनी बैल लागले. बापूराव दुसऱ्या दारानं उतरायला गेले तर तिथंही दोन बैल. शेवटी ते सीटच्या पाठीवर उकिडवे बसले आणि एसटीत असं कधी झालं नाही, असं म्हणू लागले. ते मात्र खरं होतं.

लोकांनी कासरे ओढले, हाकलून पाहिलं. पण पोळ्याला बैलावर काठी उगारायची नसते, त्यामुळे सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं आणि गोडीगुलाबीनं बैल सरकी सोडत नाही. वर मानाच्या बैलाची बेगड लावलेली शिंगं छताच्या झालरीत अडकून बसली. तोरणाखाली गाव ताटकळलं होतं. वाजंत्री थांबली होती. बैलांशिवाय पोळा भरत नाही, आणि बैल गाडीशिवाय येत नव्हते.

पुंजाजीनं डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "मंग गाडीच नेऊ तोरनापाशी," तो म्हणाला. "बैल येतेच मांगून."

बैलांना जुंपायचं नाही, ट्रॅक्टर नाही, उरली माणसं. बंपरला दोन दोर बांधले. जावयांनी बसून राहावं, असा आग्रह सगळ्यांनी केला. सासुरवाडीच्या जावयाला ओढायला लावणं म्हणजे गावाची शोभा जाणार. जानरावांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि पुढचा दोर स्वतःच्या खांद्यावर घेतला. आता प्रश्न राहिला स्टिअरिंगचा. बापूराव सीटच्या पाठीवर अडकलेले. तुळसाबाई शेजारच्या सीटवरून सरकल्या आणि चाकामागे बसल्या. जानरावांच्या ओठांवर ते वाक्य आलं, अगदी आबांच्या आवाजात, शब्दन् शब्द तयार. त्यांनी जीभ चावली.

"सरळ धरून ठेव," ते म्हणाले. "मी हावो पुढं."

आणि आसेगावच्या पोळ्याची मिरवणूक निघाली. पुढं दोर खांद्यावर घेऊन वीस माणसं, त्यांत अनसिंगचे जावई. मग झालरीची मोटार, तिच्यात हिरव्या लुगड्यातल्या तुळसाबाई, झुंबराखाली मान वाकवून, ओठ घट्ट मिटून स्टिअरिंग धरून बसलेल्या. मागच्या सीटवर एका बैलाचं मुंडकं आणि एक निवृत्त चालक. आणि मागं झुली हलवत, रवंथ करत, सुट्टीवर असलेले चाळीस बैल. तोरणाखाली उभ्या लोकांनी आधी डोळे चोळले. पोळ्याला झडत्या म्हणायची रीत असते, म्हणजे एकानं जोडलेली दोन ओळींची कोपरखळी आणि बाकीच्यांचा गजर. एका म्हाताऱ्यानं जागच्या जागी झडती जोडली:

"बैल झाले पावने, मानूस लागला जुवाले,
अनसिंगचा जवाई आला मोटार घेऊन गावाले!"

गावानं महादेवाच्या नावाचा असा गजर केला, की जानरावांची मान खाली गेली. पण दोर खांद्यावर असला की मान तशीही खालीच असते. गाडी तोरणाखालून गेली, तिच्याबरोबर खिडकीत अडकलेला मानाचा बैल गेला, आणि मग तोरण तुटलं.

संध्याकाळी पुंजाजीच्या घरी बैलांना पुरणपोळीचा घास दिला, माणसं जेवली. मोटार गोठ्यात लावून टाकली होती. तिच्या मागच्या सीटच्या आता फक्त स्प्रिंगा उरल्या होत्या. जानराव ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. सदरा काढला तर दोन्ही खांदे लाल होऊन सोलवटले होते. तुळसाबाई आतून वाटी घेऊन आल्या. आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळायला लोण्यात हळद कालवली होती, त्यातली उरलेली. त्या नवऱ्याच्या मागं बसल्या आणि काही न बोलता खांदे चोळू लागल्या.

"दुखते?"

"नाई."

"बैलबी नाईच म्हनते."

जानरावांनी गोठ्यातल्या मोटारीकडे पाहिलं. मग म्हणाले, की अट गाडीनं न्यायची होती, ओढत न्यायची नव्हती. मी हरलो. उद्या भंगारवाल्याला फोन लाव, आणि शेडमध्ये मशीन लाव.

तुळसाबाईंचा हात थांबला. "गाडीनं नेलं का नाई, मले ठावं नाई," त्या म्हणाल्या. "तुमी नेलं. चौतीस वर्सांत कोनी मले असं माहेरी आनलं नाई. साऱ्या गावासमोर." त्या पुन्हा खांदा चोळू लागल्या, जरा जोरातच. "गाडी भंगारात नाई जात."

"मंग शेड?"

"शेडात मशीन येते."

"मंग गाडी?"

"गाडी हितंच राहू द्या पुंजाजीच्या गोठ्यात. मले माहेरी याले कारन शोधा लागे. आता तुमालेबी एक झालं."

कांडपाचं यंत्र पोळ्यानंतर बाराव्या दिवशी शेडमध्ये बसलं आणि पहिल्याच दिवशी सगळी गल्ली शिंकली. क्लच प्लेट अजून आलेली नाही. जानराव दर शनिवारी हातात पान्यांची पिशवी घेऊन, दोन एसट्या बदलून आसेगावला जातात, गोठ्यातल्या गाडीत स्टिअरिंगमागे तासभर बसतात आणि मेहुण्याकडे जेवून संध्याकाळी परत येतात. आसेगावच्या फाट्यावर उतरून ते चालत येऊ लागले, की पुंजाजीचे बैल त्यांना लांबूनच ओळखतात आणि आपल्यातलंच कुणी आल्यासारखे उभे राहतात.